चढणीच्या माशांची वाट मोकळी ठेवणारा बंधारा : ग्राहकांसाठी माहिती

मृगाचा पाऊस लागून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पहिला लोंढा आला की मासळीची चढण सुरू होते. अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्याकडे, अगदी भातखाचरांपर्यंत जातात. अहिराचे, म्हणजे सापासारख्या लांबट माशाचे, उलट असते; तो समुद्रात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले नदीतून वर येतात. कमरेएवढा उभा, गुळगुळीत बंधारा या सर्वांची वाट अडवतो. म्हणूनच माशांच्या वाटेचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हावा, असा आमचा आग्रह असतो, कारण काँक्रीट ओतून झाल्यावर तीच सोय करायला खर्च अधिक येतो आणि ती मनासारखी साधतही नाही.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आम्ही मोठ्या दगडांचा १:२० उताराचा चढ रचतो, म्हणजे एक मीटर उंचीसाठी साधारण वीस मीटर लांबी लागते. काही दगड मुद्दाम वर काढून बसवले जातात, जेणेकरून त्यांच्या आडोशाला पाणी संथ होऊन माशाला दम घेता येईल. चढाच्या माथ्याशी सांडव्याची पातळी थोडी खाली घेतली, की पाणी कमी असतानाही प्रवाह तेथूनच वाहतो. जागा अपुरी असल्यास पायऱ्यापायऱ्यांची कुंडे बांधता येतात. परंतु त्यांत गाळ आणि पालापाचोळा अडकतो, त्यामुळे देखभालीला माणूस नसेल तेथे हा पर्याय आम्ही सुचवत नाही.

घराचा पाया किंवा रस्ता धोक्यात असेल तर काठाला भिंत लागतेच. बागेच्या काठाला मात्र बहुधा तळाशी दगड आणि वर वाळा, निर्गुडी, करंज यांची लागवड पुरते. मातीच्या उभ्या दरडीत खंड्या बीळ कोरून घरटे करतो. ती ढासळत नसेल तर तिला हात लावू नये. डोहातले दगड आणि त्यावर सावली धरणारी झाडेही काढू नयेत, कारण पऱ्या आटल्यावर मासे तेथेच तग धरतात. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे देवीच्या श्रद्धेने राखलेल्या डोहात महाशीर मासे टिकून आहेत, हे आम्ही ग्राहकांना आवर्जून सांगतो.

आम्ही पाहणी दोनदा करतो : मे महिन्यात तळ उघडा असताना आणि पहिल्या पुरानंतर. काम दिवाळीनंतर हवे असल्यास त्याआधीच्या उन्हाळ्यातच कळवावे, आणि मासे कोठून चढतात हे ठाऊक असलेल्या गावातल्या जाणत्या माणसाला पाहणीच्या वेळी सोबत आणावे.