पातळ फोनमध्ये चांगला कॅमेरा का मावत नाही?

२०२५ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी अतिशय पातळ फोन बाजारात आणले. आयफोन एअरची जाडी ५.६ मिलिमीटर, गॅलेक्सी एस२५ एजची ५.८. दोन्ही आकडे कॅमेऱ्याचा उंचवटा वगळून मोजलेले आहेत आणि दोन्ही फोनांत दूरचं टिपणारा टेलिफोटो कॅमेरा नाही. हा योगायोग नव्हे. बॅटरी चपटी करता येते, पडदा पातळ करता येतो, चिप तर मुळातच पातळ. कॅमेऱ्याची खोली मात्र प्रकाशाच्या नियमांनी ठरते, आणि तिथे कारागिरीचं फारसं चालत नाही.

भिंगातून आलेले किरण एका बिंदूत एकवटायला ठरावीक अंतर लागतं, त्याला नाभीय अंतर म्हणतात. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात जेवढं रुंद दृश्य मावावं अशी आपली अपेक्षा असते, त्यासाठी हे अंतर सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, कर्णाच्या साधारण ५५ टक्के असावं लागतं. ‘एक इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात १६ मिलिमीटर असतो. म्हणजे त्याला जवळपास ९ मिलिमीटर खोली हवी. यात वरची काच आणि सेन्सरखालची पाटी धरलेलीच नाही. असा कॅमेरा साडेपाच मिलिमीटरच्या फोनबाहेर डोकावणारच.

मग सेन्सरच लहान का ठेवू नये? ठेवता येतो, पण त्याची किंमत अंधारात मोजावी लागते. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांच्या येण्यात अंगभूत अनियमितता असते. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर मोजणी साधारण १० ने मागेपुढे होते, म्हणजे १० टक्क्यांचा चढउतार. १०,००० फोटॉन पडले, तर तो चढउतार १०० चा, फक्त १ टक्का. कमी उजेडातल्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, ती बरीचशी हीच. सेन्सर कितीही उत्तम बनवला तरी ती जात नाही, कारण ती प्रकाशातच आहे. उपाय एकच, जास्त प्रकाश गोळा करणं. व्यावसायिक कॅमेऱ्याच्या ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, ‘एक इंची’चं ११६, आणि फोनमधल्या लहान सेन्सरचं २५ च्या आसपास. सगळी ओढाताण या तफावतीतून येते.

म्हणूनच मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये एकेक पिक्सेल ०.६ मायक्रोमीटरचा असतो, लाल प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. दुसरीकडे, निर्दोष भिंगसुद्धा प्रकाशाला हवं तितक्या बारीक बिंदूत आणू शकत नाही. विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, एफ/१.८ च्या भिंगातून (हा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाच्या तोंडाची रुंदी; तो जितका लहान, तितका प्रकाश जास्त) आलेल्या हिरव्या प्रकाशाचा ठिपका सुमारे २.४ मायक्रोमीटरचा होतो. एका ठिपक्याच्या रुंदीत चार पिक्सेल! असे फोन बहुतेक वेळा १६ पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि तेव्हा होणारा मोठा पिक्सेल नेमका २.४ मायक्रोमीटरचा असतो.

भिंगांच्या बाबतीत खूप काही साधलं आहे. सहा ते आठ प्लॅस्टिकची भिंगं एकावर एक बसवलेली असतात आणि त्यांच्या कडा लाटेसारख्या वळलेल्या असतात. असे आकार काच घासून काढणं जवळपास अशक्य, साच्यात ओतून मात्र जमतात. पण भिंगांचा हा गठ्ठा आणखी दाबला, तर कोपऱ्यांतले किरण सेन्सरवर फारच तिरपे पडतात आणि फोटोच्या कडा काळवंडतात.

सर्वांत हुशार तोडगा निघाला तो टेलिफोटोसाठी. दूरचं जवळ आणायचं तर नाभीय अंतर १५ मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त लागतं. फोनच्या जाडीत ते मिळणं शक्यच नाही, रुंदीत मात्र भरपूर जागा असते. म्हणून आत शिरल्याबरोबर लोलकाने प्रकाश काटकोनात वळवायचा आणि भिंगं आडवी मांडायची. २००२ मध्ये मिनोल्टाच्या डिमाज एक्स या छोट्या कॅमेऱ्यात असंच केलं होतं. फोनमध्ये ही पद्धत २०१९ च्या हुआवे पी३० प्रोपासून गाजली. तिलाही मर्यादा आहे, आणि ती जाहिरातीत सांगितली जात नाही. आडवं केलेलं भिंग फोनच्या जाडीहून उंच असूच शकत नाही. अनेकदा त्याच्या वरच्या-खालच्या कडा छाटूनच ते बसवावं लागतं. पी३० प्रोमध्ये मुख्य कॅमेरा एफ/१.६ होता आणि आडव्या भिंगांच्या, म्हणजे पेरिस्कोप कॅमेऱ्याचा एफ/३.४. सेन्सरच्या तेवढ्याच क्षेत्रफळावर पडणारा प्रकाश साडेचार पटींनी कमी. लांबी मिळाली, उजेड गेला.

जागा मिळत नसेल, तर वेळ वापरता येतो. बटण दाबल्यावर फोन अनेक फोटो झपाट्याने घेतो, हाताच्या थरथरीने सरकलेली चित्रं एकमेकांवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ फोटोंच्या सरासरीत खरखर एक तृतीयांशावर येते. गुगलच्या पिक्सेल फोनमधली २०१८ ची नाइट साइट सुविधा याच तत्त्वावर उभी होती. माझ्या लेखी ही प्रामाणिक युक्ती आहे, कारण गोळा केलेला प्रत्येक फोटॉन खरा आहे. न दिसलेला तपशील सॉफ्टवेअरने अंदाजाने रंगवणं ही वेगळी गोष्ट, आणि फोटो पुरावा म्हणून पाहणाऱ्याला तो फरक कळायलाच हवा.

भिंगच सपाट करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. हार्वर्डमध्ये फेडेरिको कपासो यांच्या गटाने २०१६ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या ६०० नॅनोमीटर उंचीच्या खांबांपासून दृश्य प्रकाशासाठी भिंग तयार केलं. ते एका रंगाला उत्तम एकवटतं, पण सगळे रंग एकाच ठिकाणी आणणं अवघड जातं. त्यामुळे अशी भिंगं फोनसारख्या उपकरणांत आधी शिरली ती अवरक्त प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, जिथे एकाच तरंगलांबीशी गाठ असते. शिवाय भिंग कागदाहून पातळ झालं, तरी त्याच्यामागची मोकळी जागा उरतेच. त्या पोकळीलाच आखूड करू पाहणारं संशोधन ओटावा विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये मांडलं. त्यांची ‘स्पेसप्लेट’ नावाची पट्टी प्रकाशाला असं वागायला लावते, की जणू तो पट्टीच्या जाडीहून जास्त अंतर चालून आला. त्यांच्या प्रयोगात वाचलेलं अंतर थोडंच होतं.