ब्रिटिश गिटार पॉप

इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम एवढ्या मोजक्या वाद्यमेळावर उभी राहिलेली, तीन-चार मिनिटांच्या चालप्रधान गाण्यांची ब्रिटनमधील संगीतपरंपरा. इथे वादकाने आपले कसब मिरवण्यापेक्षा गायकाची चाल खुलवावी अशी अपेक्षा असते.

परंपरेचे मूळ स्किफलमध्ये, म्हणजे साध्या, घरगुती वाद्यांवर वाजवल्या जाणाऱ्या लोकसंगीतात सापडते. १९५६ मध्ये लॉनी डोनेगनचे ‘रॉक आयलंड लाइन’ गाजले आणि स्वस्तातली गिटार, कपडे घासायची फळी आणि चहाच्या खोक्याला दोरी ताणून केलेला बेस घेऊन शाळकरी मुले बँड काढू लागली. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननने त्याच वर्षी काढलेला ‘क्वॉरीमेन’ हा त्यांपैकीच एक. बीटल्स त्यातूनच घडले. इलेक्ट्रिक गिटार गळ्यासारखी गाऊ शकते, हे १९६० मध्ये शॅडोज बँडच्या हँक मार्व्हिनने ‘अपाची’ या धूनमधून दाखवले.

या शैलीचा ओळखीचा किणकिणता नाद १९६४ च्या सुमारास रुजला. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या बारातारी रिकनबॅकर गिटारमध्ये खालच्या सुरांच्या चार तारांना एका सप्तकाने वरची जोडतार असते. त्यामुळे साधी कॉर्डही (एकत्र वाजवलेले सूर) झळाळून उठते. त्याच वर्षी किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हीसने अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून खरखरीत आवाज काढला. त्याचा भाऊ रे याने लंडनच्या रोजच्या जगण्यावर, इंग्रजी उच्चार न लपवता गाणी लिहिली. ब्रिटिश बँडांवरचा अमेरिकन गायकीचा पगडा सैल होण्यात त्या गाण्यांचा वाटा मोठा आहे.

गिटारवादनाच्या दृष्टीने या परंपरेचे शिखर म्हणजे मँचेस्टरचा स्मिथ्स हा बँड (१९८२–८७). सिंथेसायझरची चलती असताना त्याचा गिटारवादक जॉनी मार याने सोलो (एकट्या गिटारचे मिरवणारे वादन) जवळजवळ वर्ज्यच केला. कॉर्डमधले सूर सुटे छेडायचे, मोकळ्या तारा घुमू द्यायच्या, ध्वनिमुद्रणात एकावर एक गिटारींचे थर चढवायचे, ही त्याची रीत. गायक मॉरिसीच्या लांबलचक, बोलल्यासारख्या ओळींखाली गिटार आपली स्वतंत्र चाल सांगत राहते. दोन्ही एकमेकींवर कुरघोडी करत नाहीत. पुढे त्याच शहरातल्या स्टोन रोझेसने १९८९ च्या पहिल्या अल्बममध्ये या नादाला नृत्याची लय जोडली.

१९९० च्या दशकात ही परंपरा ‘ब्रिटपॉप’ या नावाने राष्ट्रीय प्रतिष्ठेला पोहोचली. स्वेड बँडच्या पहिल्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा १९९३ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. १४ ऑगस्ट १९९५ रोजी ब्लर आणि ओअ‍ॅसिस या बँडांची गाणी एकाच दिवशी बाजारात आली. विक्रीच्या त्या चढाओढीत ब्लर जिंकले, पण वर्षभरातच नेबवर्थच्या दोन मैफलींना ओअ‍ॅसिसने अडीच लाख श्रोते जमवले. ओअ‍ॅसिसच्या गिटारींची जाड भिंत हजारोंना एका सुरात गायला लावते, मात्र मारच्या नाजूक विणीला तिथे जागा उरत नाही. शब्दांच्या बाबतीत पल्प बँडचा ‘डिफरंट क्लास’ (१९९५) हा अल्बम दोघांपेक्षा सरस ठरतो. वर्गभेदाची बोच त्यात उघड मांडली आहे.

हे संगीत केवळ गोऱ्या तरुणांचे राहिले नाही. त्जिंदर सिंगच्या कॉर्नरशॉप बँडने १९९७ मध्ये ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गाण्यातून सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना मानवंदना दिली. नॉर्मन कुकने त्याचे केलेले रीमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

ओअ‍ॅसिसच्या १९९७ च्या तिसऱ्या अल्बमनंतर ब्रिटपॉपचा भर ओसरला. शेफील्डच्या आर्क्टिक मंकीजने २००६ च्या पहिल्या अल्बममध्ये आपल्या गावच्या बोलीत, वेगवान गिटारींवर गाऊन हीच वाट नव्या पिढीपर्यंत नेली.