"पोट्टं लहान आहे, विसरून जाईल"

घरात मारझोड झाली की नागपुरात इतवारीपासून हिंगण्यापर्यंत हेच ऐकू येतं. पोरगं प्रसंग विसरेलही. अंग विसरत नाही. चाळिशीतही कडी जोरात आपटली की छाती धडधडते, खांदे आवळतात आणि बायकोच्या साध्या प्रश्नावर माणूस खेकसतो. अमेरिकेतल्या १९९८ च्या मोठ्या अभ्यासात बालपणी ४ किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत नैराश्य, दारूचं व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही आघात न सोसलेल्यांच्या ४ ते १२ पट आढळला. धोका वाढतो, ललाटलेख नव्हे.

उलट टोकही चुकीचंच: "सांग, काय झालं होतं" म्हणून खोदू नका, त्यानं जखम पुन्हा उघडू शकते. आधी झोप, जेवणाच्या वेळा सावरा. मदतीला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही.