‘गोरा’ नेमका कोण? अमेरिकन नागरिकत्वाच्या वादाची पार्श्वभूमी

२० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाला (अमेरिकेत जन्मला तो नागरिक, या हक्काला) कात्री लावणारा आदेश काढला आणि अमेरिकन कोणाला म्हणायचं, हा वाद पुन्हा कोर्टाची पायरी चढला. ती पायरी त्याच्या चांगली ओळखीची आहे.

नागरिकत्वाच्या १७९०च्या पहिल्या कायद्यात बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’ला नागरिक होता येत होतं. १८५७मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळा माणूस, मग तो गुलाम असो वा नसो, नागरिकच नव्हे असं ठरवलं. तो निकाल यादवी युद्धानंतर १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पुसला. दोन वर्षांनी आफ्रिकी वंशाच्या स्थलांतरितांनाही नागरिकत्व खुलं झालं. आशियाई मात्र ना इकडचे ना तिकडचे. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांनी १८९८मध्ये जन्माच्या जोरावर खटला जिंकला, तरी चिनी स्थलांतरितांना नागरिक होण्याची बंदी कायम होती.

मग लोक कोर्टात आपण ‘गोरे’ आहोत हे सिद्ध करू लागले. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१०मध्ये यात यशस्वी झाले. खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढची. नोव्हेंबर १९२२मध्ये जपानी ताकाओ ओझावा यांना न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही तसे नाही. पंजाबचे भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तुमचे वंशशास्त्रज्ञच उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, तर मी गोराच. फेब्रुवारी १९२३मध्ये त्याच सदरलँडनी निकाल दिला की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत व्याख्या फिरली. सदरलँड स्वतः जन्माने इंग्लंडचे!

निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही पाळी आली. पण त्यांनी वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला. १९१४मध्ये तुम्हीच मला विधिवत नागरिक केलंत, त्या भरवशावर मी वकिली आणि संसार उभा केला, आता मागे कसे फिरता, असा त्यांचा सवाल होता. ते जिंकले.

ज्यांची ही भूमी मुळात होती, त्या आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळालं ते थेट १९२४मध्ये.

थिंद यांना १९३६मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली, अखेर नागरिकत्व मिळालं. इतर भारतीयांसाठी दार उघडलं १९४६मध्ये, तेही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. वंशाची अट कायद्यातून पूर्ण गेली १९५२मध्ये.