सायबर सुरक्षेच्या नियमांमध्ये घड्याळ कशाला?

जून २०१७ मध्ये आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं, आठवतंय का? मर्स्क या जहाज कंपनीच्या सिस्टीम नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, जगभर बंद पाडल्या आणि त्याच ग्रुपचं हे टर्मिनलही त्यात सापडलं. बंदरं, वीज, बँका, टेलिकॉम यांच्या ज्या सिस्टीम बंद पडल्या तर देशाचंच काम अडेल, त्यांना आयटी कायद्याच्या कलम ७० मध्ये क्रिटिकल इन्फर्मेशन इन्फ्रास्ट्रक्चर म्हटलंय, त्यांच्यासाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. पण एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, जे निर्देश काढले ते साध्या कंपन्यांनाही लागू आहेत. हल्ला लक्षात आला की ६ तासांत कळवा, सगळ्या सिस्टीमचे लॉग, म्हणजे कधी काय झालं याच्या आपोआप पडणाऱ्या नोंदी, १८० दिवस सांभाळा, आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवा.

पहिल्या दोन गोष्टी लोकांना पटतात, घड्याळाचं मात्र कोणी मनावर घेत नाही, आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा नियम वाटतो.

कॉम्प्युटरमधलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. ते दहा लाख सेकंदांत २० सेकंद जरी चुकलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, म्हणजे वर्षात दहा मिनिटं. आता समजा तुमच्या व्हीपीएनचं, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या दाराचं, घड्याळ ४ मिनिटं पुढे आहे. चोर रात्री २:०६ ला एका अकाउंटने आत आला, लॉगमध्ये पडलं २:१०. सर्व्हरचं घड्याळ बरोबर, त्यात फाईल कॉपी झाल्याची नोंद २:०८ ची. तपास करणारा म्हणणार, फाईल तर आधीच गेली होती, मग हे अकाउंट नाही, आणि खरा धागा तिथेच सुटला!

यावर उपाय म्हणजे एनटीपी, नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत. तुमचं मशीन सर्व्हरला वेळ विचारतं, निघतानाची वेळ स्वतः लिहून ठेवतं, सर्व्हर निरोप मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ टाकतो, उत्तर पोचलं की मशीन चौथी वेळ लिहितं. या चार आकड्यांवरून जाण्यायेण्यात किती वेळ गेला ते कळतं, जायला-यायला सारखाच वेळ लागला असं धरायचं आणि आपलं घड्याळ किती चुकतंय ते काढायचं, बस्स. दिल्लीच्या एनपीएलमध्ये त्यासाठी सीझियमची अणुघड्याळं आहेत, सीझियमची ९,१९,२६,३१,७७० कंपनं म्हणजे एक सेकंद.

कंपन्या सर्व्हर जुळवतात आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, हजेरीचं थंब मशीन, कोपऱ्यातला जुना राउटर विसरतात. कृपा करून तेही बघा. आणि लॉगची एक कॉपी दुसऱ्या मशीनवर ठेवा, कारण आत शिरलेला माणूस बरेचदा आधी लॉगच पुसतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी घड्याळं जुळवून भागत नाही, मागच्या १८० दिवसांच्या नोंदी तोवर चुकीच्या वेळेनेच पडलेल्या असतात.