रद्द प्रश्न (गणित)

गणिताच्या वस्तुनिष्ठ परीक्षेत विचारला गेलेला, परंतु परीक्षेनंतर सदोष आढळल्यामुळे गुणदानातून वगळलेला प्रश्न. उत्तरसूचीतील चुकलेला पर्याय बदलणे किंवा दोन पर्याय ग्राह्य धरणे हे त्याहून सौम्य उपाय होत. प्रश्न मुळातच टिकत नाही असे ठरले, तरच तो रद्द होतो. सातारा आणि सांगली भागात शालेय शिष्यवृत्ती परीक्षा आणि सैनिकी शाळेची प्रवेशपरीक्षा यांमुळे हा शब्द पालकांच्याही तोंडी असतो.

उत्तर नव्हे, तर प्रश्नच चुकलेला असू शकतो, ही जाणीव भारतीय गणितात जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) कुट्टकाच्या, म्हणजे निःशेष भाग जाईल अशी अज्ञात संख्या शोधण्याच्या रीतीच्या, प्रकरणात म्हटले आहे की भाज्य (अज्ञात संख्येला जिने गुणायचे ती संख्या) आणि हार (भाजक) या दोहोंना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपाला (मिळवायच्या संख्येला) भाग जात नसेल, तर तो प्रश्न ‘दुष्ट’, म्हणजे सदोष, समजावा. एखाद्या संख्येच्या सहापटीत तीन मिळवल्यास येणाऱ्या बेरजेला चारने निःशेष भाग जातो, तर ती संख्या कोणती, असे विचारणे या अर्थाने दुष्ट आहे, कारण ती बेरीज नेहमी विषमच येणार.

आजच्या प्रश्नपत्रिकांतील दोष बहुधा इतके उघड नसतात. ३, ४ आणि ८ सेंमी बाजूंच्या त्रिकोणाची परिमिती विचारली, तर बेरीज १५ येते आणि तो पर्यायही समोर असतो. पण दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी असल्यामुळे असा त्रिकोणच काढता येत नाही. इथे आकडेमोड करून पुढे जाणारे मूल गुण मिळवते आणि आकृती काढू पाहणारे अडकते, म्हणून हा दोष सर्वांत अन्यायकारक म्हटला पाहिजे. १, २, ४ नंतरची संख्या दुप्पट करत गेल्यास ८, तर फरक एकेकाने वाढवल्यास ७ येते, आणि दोन्ही पर्याय दिलेले असतील तर एकाची निवड करायला आधारच उरत नाही. १२ ÷ २(१ + २) सारखी पदावली ‘कंचेभागुबेव’ या शालेय नियमाने १८ देते, पण कंसालगतचा गुणाकार आधी करणाऱ्याला २ मिळतात. हा वाद गणिताचा नसून लेखनपद्धतीचा आहे. याशिवाय प्रश्नाच्या मराठी आणि इंग्रजी पाठांत तफावत असू शकते. दोन पर्याय बरोबर असणे हा मात्र दरवेळी दोष नसतो: आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय हेतुपुरस्सर ठेवलेले असत.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्तीची अंतरिम उत्तरसूची जाहीर करून हरकती मागवते आणि त्यानंतर अंतिम उत्तरसूची काढते. हरकतीसोबत पाठ्यपुस्तकातील पानाची झेरॉक्स जोडण्याची सवय शिक्षकांत रुजलेली आहे. वस्तुतः गणितात दोन ओळींची सिद्धता पानापेक्षा भक्कम पुरावा ठरते. कायद्याच्या दृष्टीने कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता (१९८३) हा निवाडा महत्त्वाचा आहे. चूक स्पष्टपणे सिद्ध होईपर्यंत उत्तरसूची बरोबर मानावी, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र संदिग्ध प्रश्न लक्षात आणून दिल्यास तो वगळण्याचा निर्णय तत्परतेने घ्यावा, अशीही अपेक्षा व्यक्त केली.

रद्द प्रश्नाचे गुण वाटण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. सैनिकी शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचे ५० प्रश्न १५० गुणांचे असतात, आणि अनुसूचित जाती-जमातींचे उमेदवार वगळता प्रत्येक विभागात किमान २५ टक्के, म्हणजे गणितात ३७.५ गुण लागतात. उदाहरणादाखल, दोन प्रश्न रद्द झाले आणि उरलेल्या ४८ पैकी एकाचे ११ बरोबर आले, असे समजू. रद्द प्रश्नांचे गुण सर्वांना दिल्यास त्याचे ३३ अधिक ६ असे ३९ होतात आणि तो पात्र ठरतो. १४४ पैकी ३३ हे गुण १५० च्या प्रमाणात वाढवल्यास ३४.३८ होतात आणि तो बाहेर पडतो. नकारात्मक गुण नसताना एकाच प्रश्नपत्रिकेतील गणिताचा गुणानुक्रम दोन्ही रीतींनी तोच राहतो, हे हरकती घेणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. फरक पडतो तो पात्रतेच्या रेषेपाशी. रद्द प्रश्न सोडवलेल्यांनाच गुण द्यायचे ठरवले, तर मात्र क्रमही बदलतो, कारण अंदाजाने गोल रंगवणारा पुढे जातो आणि प्रश्न चुकीचा आहे हे ओळखून तो कोरा सोडणारा मागे पडतो.

या तिन्ही रीतींत वेळेचा हिशेब कोठेच येत नाही. सैनिकी शाळेच्या याच परीक्षेत एकूण १२५ प्रश्नांसाठी १५० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. अस्तित्वात नसलेल्या त्रिकोणावर सहा मिनिटे घालवलेल्या मुलाचे पाच प्रश्न हातचे जातात.