मृगातला गुलाबी ढग कॉम्प्युटरने रंगवलेला नसतो

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचा, फोटो दाखवला की गोव्यात वाळपईपासून पेडण्यापर्यंत एकच शेरा ऐकू येतो: "रंग मागाहून भरलेत. दुर्बिणीतून तर करडंच दिसतं!" दुसरं वाक्य खरं आहे, पहिलं नाही.

अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास गप्प बसतात. काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही, कॅमेरा साठवतो. सत्तरीतल्या एखाद्या काळोख्या माळावर, ताऱ्यांमागे फिरणाऱ्या माउंटवरच्या (दुर्बिणीच्या बैठकीवरच्या) दुर्बिणीला डीएसएलआर जोडा आणि ३० सेकंदांचं एकच एक्स्पोजर घ्या. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर, काहीही न करता, गुलाबी डाग उमटतो. तो मुख्यतः हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश. गंमत म्हणजे साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर नेमका हाच लाल बराचसा अडवतो. म्हणजे कॅमेरा इथे रंग कमीच दाखवतो! म्हणून काही हौशी मंडळी तो फिल्टर बदलून घेतात.

कॉम्प्युटरवर काम होतं, नाकारत नाही. १०० फ्रेम (सुटे फोटो) एकावर एक रचून सरासरी काढली की नॉइज, म्हणजे फोटोतला रवाळपणा, साधारण दहापट घटतो; मग अंधुक भाग उजळतात, किनाऱ्यावरच्या दिव्यांची पिवळट झाक काढतात. त्यात कुणाचा हात जरा सैल सुटतो, हेही कबूल. हबल या अवकाश दुर्बिणीच्या काही चित्रांत प्रत्येक फिल्टरमधून टिपलेल्या प्रकाशाला ठरवून रंग दिलेले असतात, ती गोष्ट वेगळी.

आमची खरी डोकेदुखी दव. पहाटे दोनला भिंगावर ते साचलं की सगळाच खेळ खलास.